टाकीपासून नोझलपर्यंत

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे कोणतेही बंधन घातले नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. वसतिगृहातील दिवसांविषयी माझ्याहून समर्थपणे लिहिणारे अनेक माजी विद्यार्थी आपल्यात आहेत. माझे आयुष्य भंडारा जिल्ह्यात, महामार्गाच्या कडेला, डिझेल गाड्यांच्या दुरुस्तीत गेले. ज्या व्यवसायाने मला पोटाला अन्न आणि बुद्धीला खाद्य दिले, त्यातील एका लहानशा कामाविषयी मी लिहिणार आहे. गॅरेजमध्ये त्याला ‘एअर काढणे’ म्हणतात.

पूर्वी क्रमांक ६ आणि आता क्रमांक ५३ म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली ओलांडून छत्तीसगडकडे जातो. त्यावरून आपल्या भागातील धान आणि तांदूळ जातो, तुमसर तालुक्यातील खाणींचे मँगनीज जाते. गडेगाव येथे १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे. त्यामुळे ट्रक हे वाहन आपल्याला परके नाही. ही स्मरणिका ज्या घरांत वाचली जाईल, त्यांतील कित्येक घरांत कोणी ना कोणी चालक, क्लीनर किंवा हमाल असेलच.

डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा सोळा-सतरा पटींनी दाबली गेली की ती इतकी तापते की, तीत उडालेला डिझेलचा बारीक फवारा आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे यशस्वी ठरले. त्या काळी इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेली हवाच वापरीत असत. पुढे १९२७ पासून बॉश कंपनी इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनवू लागली आणि केवळ इंधनाच्या दाबाने फवारा उडवणे सोयीचे झाले. आपल्या देशात १९५१ मध्ये बंगलोर येथे मायको कंपनी स्थापन झाली, आणि १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी ‘मायकोचा पंप’ हे शब्द तेव्हापासून रुळले. ज्या हवेने एके काळी इंधन वाहून नेले, तीच हवा आता नळीत शिरली तर इंजिन चालत नाही.

याचे कारण मला गॅरेजमध्ये कळले नाही. ते शाळेत कळले होते. विज्ञानाच्या तासाला सरांनी सुई काढलेली सिरिंज आणली होती. आधी तीत हवा भरली, तोंडावर बोट धरून दट्ट्या दाबला. तो आत गेला आणि सोडताच मागे आला. मग पाणी भरले. दट्ट्या तसूभरही हलला नाही. वायू दबतो, द्रव जवळजवळ दबत नाही, एवढेच सरांनी सांगितले. इंजेक्शन पंपातही असाच दट्ट्या असतो. नळीत अखंड डिझेल असेल तर त्याच्या लहानशा हालचालीने दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पटींपर्यंत चढतो आणि नोझल उघडते. मध्ये हवेचा बुडबुडा असेल तर दट्ट्याचे सारे श्रम तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतात. नोझल मिटलेलेच राहते, आणि चालक सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवतो.

फिल्टर बदलला, फीड पंप उघडला, एखादा पाइप सोडला किंवा टाकी पूर्ण रिकामी झाली की हवा आत शिरतेच. ती काढण्याचा क्रम ठरलेला आहे. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीत प्रथम टाकीत पुरेसे डिझेल असल्याची खात्री करावी. सोडावयाचा प्रत्येक नट आधी स्वच्छ फडक्याने पुसावा. बाहेरचा धुळीचा कण आत गेला तर हवेपेक्षा अधिक नुकसान करतो. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करून फीड पंपावरचा हातपंप सावकाश मारीत राहावे. आधी नुसती हवा फुसफुसते, मग फेस येतो, मग फेसातून डिझेल येते. बुडबुड्यांविना सलग धार लागली की हातपंपाचा दाब न सोडता स्क्रू आवळावा. त्यानंतर हेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूपाशी करावे. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट सैल करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, सेल्फ मारावा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक नाही. मध्ये सेल्फला विसावा द्यावा. डिझेलचे थेंब उसळू लागले की नट आवळावेत. इंजिन आधी अडखळत, मिसिंग करीत सुरू होते आणि हळूहळू सुरात येते.

टाकीकडून नोझलकडे, एकेक टप्पा पार करीत जावे लागते. मागचा टप्पा स्वच्छ झाल्याशिवाय पुढचा उघडण्यात अर्थ नसतो, कारण मागची हवा पुन्हा पुढे येते.

हे सारे मला पहिल्या गॅरेजमध्ये कोणी शिकवले नाही. तेथे नेमक्या वेळी मला चहा आणावयास पाठवीत. परत येईपर्यंत स्क्रू आवळलेले असत आणि इंजिन सुरू झालेले असे. या व्यवसायात विद्या झाकून ठेवण्याची रीत जुनी आहे. हेल्परला कारण कळले तर तो उद्या स्वतःचे दुकान थाटील, ही भीती तिच्या मुळाशी असते. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या विद्येच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्या समाजातील वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

कारण माहीत असणे म्हणजे काय, याचा प्रत्यय मला काही वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगाने आला. दिवाळीनंतरचे दिवस होते. धान भरलेला एक ट्रक लाखनीच्या पुढे रस्त्याच्या कडेला उभा होता आणि आभाळ भरून आले होते. त्या दिवशी सकाळीच दुसऱ्या एका गॅरेजमधील सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने त्याचा डिझेल फिल्टर बदलला होता. गाडी थोडे अंतर चालून बंद पडली. मुलाला बोलावले गेले. तो तासभर हातपंप मारीत होता. इंजिन सुरू होई, दोन मिनिटांत पुन्हा बंद पडे. मालकाचा माणूस ताडपत्रीखालचा माल भिजेल म्हणून संतापला होता. पोराला एअर काढता येत नाही, नुकसान याच्या मजुरीतून कापा, असे तो सर्वांदेखत म्हणत होता. मुलाचे हात डिझेलने सोलवटले होते आणि मान खाली होती.

मी मुलाला पुन्हा हातपंप मारावयास सांगितले व एअर स्क्रूपाशी पाहत राहिलो. त्याचे काम बरोबर होते. धार लागे, पण काही वेळाने तीत पुन्हा बुडबुडे येत. म्हणजे हवा मागून, सतत, आत येत होती. मग टाकीकडून येणारी नळी पंपापासून सोडली, तिच्या जागी दुसरी नळी लावली आणि तिचे टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवले. बुडबुडे थांबले. पंप निर्दोष, नवा फिल्टर निर्दोष, त्याची बैठक निर्दोष. दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये होता. रबरी नळीच्या क्लॅम्पखाली नखाएवढी चीर सापडली. तेथे डिझेलचा थेंबही नव्हता. टाकी पंपाहून खाली असते आणि पंप त्या नळीतून डिझेल ओढतो. म्हणून चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. दाबाकडची गळती डोळ्यांना दिसते. ओढीकडची दिसत नाही. ती ज्याला ठाऊक नाही, तो शेवटी पान्हा हाती धरलेल्याला दोषी ठरवतो.

चीर मी मालकाच्या माणसाला दाखवली आणि मुलाकडूनच नळी कापून पुन्हा बसवून घेतली. हवाही त्यालाच काढावयास सांगितली. पावसाच्या आधी ट्रक राईस मिलकडे निघाला. त्या मुलाची मजुरी कापली गेली नाही.

तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये एक नियम आहे. स्क्रू सैल करताना हेल्परने समोर उभे राहावयाचे आणि ‘का’ विचारावयाचे. उत्तर देणे माझ्यावर बंधनकारक. भिंतीवरच्या खिळ्याला एक सिरिंज अडकवलेली आहे. नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी ती त्याच्या हातात देतो.

आता गाड्या बदलल्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली, आणि कॉमन रेल पद्धतीत दाब वातावरणाच्या दीड हजार पटींच्याही पुढे जातो. अशा इंजिनाचे उच्च दाबाचे पाइप चालू स्थितीत सैल करणे जिवावर बेतू शकते. सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते. जुन्या सवयीने पान्हा लावणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे आणि त्या त्या गाडीच्या पुस्तकातील क्रम पाळावा. ज्याने केवळ हाताची सवय उचलली, त्याला नवी गाडी धोक्याची आहे. ज्याने कारण समजून घेतले, त्याला ती परकी नाही.

पालकांना एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी या व्यवसायाकडे वळू पाहत असेल तर तो कमी प्रतीचा मानू नये. मात्र विज्ञानाची पुस्तके बाजूला ठेवून त्यांना थेट गॅरेजमध्ये पाठवू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘मेकॅनिक डिझेल’ हा अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण करावा आणि मग यावे. आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांना माझ्या गॅरेजमध्ये सुटीच्या दिवशी काम पाहण्याची मुभा आहे. येताना जुने कपडे आणि एक वही आणावी. चहा आणावयास मी त्यांना पाठवणार नाही.