गाळलेली जागा

पेपर आला की मी आधी आतलं पान उलगडते. पहिल्या पानावरच्या बातम्या रात्रीच टीव्हीवर शिळ्या झालेल्या असतात. ताज्या उरतात त्या दोन चौकटी. एकीत कुणा थोराचं वाक्य, दुसरीत काळे-पांढरे चौकोन. वाक्य चहाच्या पहिल्या घोटाबरोबर संपतं, कोडं दुपारपर्यंत पुरतं.

लग्न होऊन सदाशिव पेठेत आले तेव्हा या दोन चौकटींची घरात रीतसर वाटणी झालेली होती. सुविचार माईंचा, म्हणजे सासूबाईंचा. कोडं नानांचं. माई सुविचार मोठ्यानं वाचायच्या आणि तो नेहमी कुणाला तरी उद्देशून असायचा. क्रोधाविषयी काही असलं की आवाज बैठकीच्या खोलीच्या दिशेनं चढायचा, आळसाविषयी असलं की माझ्या नवऱ्याच्या अंथरुणाच्या दिशेनं. थोरामोठ्यांच्या तोंडून टोमणे मारायची ही सोय त्यांना फार आवडायची. सॉक्रेटिसला उलट उत्तर कोण देणार?

नाना पेन्सिल घेऊन बसत. पेन वापरणं हा त्यांच्या मते उद्धटपणा होता. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे पुण्यातच 1932 ते 1938 या काळात निघालेले सातही खंड घरात होते, पण दुपारच्या चहाआधी त्यांना हात लावायचा नाही असा दंडक होता. सकाळच्या वेळात हाताशी असलेला एकमेव कोश म्हणजे सून.

“अगं, आंघोळीच्या पाण्याचं भांडं. तीन अक्षरी, मधलं ‘गा’.”

“घंगाळ.”

“ते मलाही सुचलं. पण शेवटचा ‘ळ’ उभ्याशी जुळत नाही.”

“मग ते उभं चुकलं असेल, नाना.”

यावर उत्तर नसे. थोड्या वेळानं फक्त खोडरबराचा आवाज येई.

घंगाळ आमच्या घरातून कधीच मोडीत गेलं होतं. अडकित्ताही गेला होता. नानांचे दात गेल्यावर सुपारीचाही प्रश्न मिटला होता. पण कोड्यात दोन्ही अजून नांदतात. मराठी शब्दकोडं म्हणजे माझ्या लेखी केळकर संग्रहालयाचं एक दालन आहे, फक्त तिकीट नाही. घोड्याला वारू आणि हत्तीला कुंजर दुसरं कोण म्हणतं आता? पाणी सगळीकडे पाणी असतं, कोड्यात मात्र जल, नीर, तोय, सलिल, उदक. आणि किती घरं रिकामी आहेत त्यावरून त्यातलं कोणतं प्यायचं ते ठरतं. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. तिनं वैरण पाहिलेली नाही, पण ती तीन अक्षरी असते आणि गुरं खातात एवढं तिला पक्कं ठाऊक आहे.

इंग्रजी कोड्याची तऱ्हा वेगळी. न्यूयॉर्कच्या एका पेपरात 21 डिसेंबर 1913 ला आर्थर विन नावाच्या, मूळच्या लिव्हरपूलच्या संपादकानं पहिलं कोडं छापलं. शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं ते. तिथं एका घरात एक सुटं अक्षर, सारा खेळ सव्वीस अक्षरांचा. आपल्याकडे एका घरात व्यंजन येतं ते काना, मात्रा, वेलांटी असा सगळा लवाजमा घेऊन. वर जोडाक्षर असेल तर अख्खं कुटुंब एका खोलीत. त्यामुळे उभा आणि आडवा शब्द एका घरात भेटायचे म्हणजे नुसता ‘व’ असून भागत नाही, ‘वि’ की ‘वी’ तेही ठरावं लागतं. मराठी कोड्यात काळी घरं जास्त दिसतात, त्याचं कारण कोडं रचणाऱ्याचा आळस नव्हे, ही अडचण आहे.

आणि त्या वेलांटीवरून आमच्या घरात झालेले वाद! मराठी साहित्य महामंडळानं 1962 मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम केले आणि ‘कवि’ दीर्घ होऊन ‘कवी’ झाला. नाना जुन्या वळणाचे. त्यांच्या मते या एका निर्णयानं कवीची विहिरीशी असलेली पूर्वापार गाठ तुटली आणि तो वीणेच्या गळ्यात जाऊन पडला. ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करणारी कोडी पेपरात सर्रास येत, तेव्हा नाना ती सोडवून पूर्ण करत आणि मग खाली लाल शाईनं गुण देत. पस्तीसच्या वर कुणाला गेलेलं मी पाहिलं नाही.

एका जमान्यात ही कोडी घरात अशी उजळ माथ्यानं येत नव्हती, हे मला नानांकडूनच कळलं. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशभर बक्षिसी कोड्यांचं पीक आलं होतं. प्रवेशफी भरायची, कूपन पाठवायचं, हजारोंच्या बक्षिसाची वाट बघायची. त्या कोड्यांची ठेवण मोठी मजेशीर असे. सूचना म्हणजे एक ठसक्यातलं वाक्य आणि त्यात एक अक्षर गाळलेलं. समजा, ‘_त्र दूर गेला की घर खायला उठतं’. आता मित्र की पुत्र? दोन्ही बसतात. दोन्हीवर बापाला किंवा दोस्ताला छातीठोक भांडता येईल. पण बरोबर एकच, आणि ते संयोजकांनी आधीच मोहोरबंद करून ठेवलेलं. थोडक्यात, माईंचा सुविचार आणि नानांचं कोडं यांचं लग्न लावून त्यावर पैसे लावायचे!

सरकारला हे रुचलं नाही. तेव्हाच्या मुंबई प्रांतानं, म्हणजे ज्यात आपलं पुणंही होतं त्यानं, 1948 मध्ये बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रणाचा आणि कराचा कायदा आणला. 1955 चा केंद्राचा कायदा तर आणखी कडक: महिन्याला एकूण बक्षीस हजार रुपयांच्या वर नाही, प्रवेशिका दोन हजारांच्या वर नाहीत. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’मधून आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी चालत. त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1957 मध्ये न्यायालयानं सांगितलं, की ज्यात भरपूर कौशल्य लागतं त्या स्पर्धा वेगळ्या आणि ज्यात नशिबाचा खेळ आहे त्या वेगळ्या. जुगाराला व्यापार म्हणून संरक्षण मागता येणार नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायाधीशांनी शब्दकोड्यावर इतका खल करावा, याचा मला आजही हेवा वाटतो. आमच्या घरातल्या ‘कवि’च्या खटल्याला एवढं चांगलं खंडपीठ कधी मिळालं नाही.

मला स्वतःला मात्र मित्र की पुत्र ही अडचण जुगार वाटत नाही. तीच सुविचाराची खरी परीक्षा आहे. वाक्यातला एक शब्द झाकला आणि तिथं दुसरा कोणताही चालला, तर ते वाक्य भिंतीवरच्या रंगासारखं आहे, असलं काय नि नसलं काय. पेपरातली बरीच वाक्यं या परीक्षेत नापास होतात. ‘प्रयत्न’ काढून ‘संयम’ घाला, ‘संयम’ काढून ‘श्रद्धा’ घाला. खालचं नाव बदलून विवेकानंदांचं कलाम करा. काही बिघडत नाही. फोनवर तर रोज सकाळी गुलाबाच्या फुलासह येणाऱ्या वाक्यांना वडील कोण हेच ठाऊक नसतं, मग दिसेल त्या थोराच्या मांडीवर ती दत्तक जातात.

ही दत्तकविधानं आजकालची नाहीत. भर्तृहरीच्या नावावर किती श्लोक जमा झाले होते याचा हिशोब याच शहरात बसून कुणी केला, हे मला उशिरा कळलं. दामोदर धर्मानंद कोसंबी. माणूस गणिताचा, 1933 पासून बारा वर्षं फर्ग्युसनमध्ये शिकवत होता, नंतर टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्यावर डेक्कन क्वीननं मुंबईला ये-जा करत होता. नीती, शृंगार आणि वैराग्य ही भर्तृहरीची तीन शतकं आपल्याकडे वामन पंडितामुळे मराठीतही घरोघर पोचलेली. शतक म्हणजे शंभर, तीन म्हणजे तीनशे. पण पोथी उघडावी तर श्लोक वेगळे, क्रम वेगळा, पाठ वेगळा. नकलून घेणाऱ्या प्रत्येकानं आपल्याला आवडलेलं एखादं सुभाषित हळूच आत सरकवलेलं. कोसंबींनी देशभरातल्या साडेतीनशेहून अधिक पोथ्या ताडून पाहिल्या. त्यांची 1948 ची आवृत्ती 852 श्लोकांवर जाऊन थांबते आणि त्यातले जवळपास सगळीकडे आढळणारे, भरवशाचे म्हणावेत असे निघाले फक्त 200. बाकीचे संशयित आणि उपरे.

हे काम कोड्यासारखंच चालतं. उभ्यात एका प्रांतातल्या पोथ्या, आडव्यात दुसऱ्या. जिथं दोघी एकाच अक्षरावर भेटतात तिथं पेन्सिल थोडी दाबायची. गंमत अशी, की या माणसाला भर्तृहरीच्या विरक्तीचं काडीचं कौतुक नव्हतं. फर्ग्युसनच्या मासिकात 1941 साली त्यांनी त्या वैराग्याची चांगली झडती घेतली होती. आणि नंतर वैराग्यशतक ज्यात आहे तोच ग्रंथ मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांना अर्पण केला, तोही संस्कृतात! माई असत्या तर म्हणाल्या असत्या, एवढं पटत नव्हतं तर कशाला हात लावला? मला वाटतं, पटणं हा भाग वेगळा. चौकोन रिकामा दिसला की राहवत नाही, अशी एक जात असते.

त्याच जातीचे दुसरे पुणेकर प्रा. वा. वि. गोखले. त्यांनी आणि कोसंबींनी मिळून जी गाठ सोडवली ती तर मला कुठल्याही हेरकथेपेक्षा सरस वाटते. एफ. डब्ल्यू. थॉमस यांनी 1912 मध्ये एक जुना सुभाषितसंग्रह छापला होता. नेपाळी पोथी, पानं गहाळ, ग्रंथाचं नावच हरवलेलं. त्यांनी सुरुवातीच्या श्लोकावरून अंदाजानं नाव दिलं, ‘कवीन्द्रवचनसमुच्चय’. पुढे तिबेटातल्या मठात ताडपत्राची दुसरी पोथी मिळाली, तिचे फोटो आले. त्यावरून आणि नेपाळातल्या आणखी एका प्रतीवरून ठरलं, की हा बंगालच्या जगद्दल विहारातल्या विद्याकर नावाच्या बौद्ध पंडितानं इसवी सन 1100 च्या सुमारास जमवलेला ‘सुभाषितरत्नकोश’ आहे. सतराशेवर श्लोकांचा हा ग्रंथ 1957 मध्ये हार्वर्डनं छापला. योगायोग पाहा, त्याच वर्षी दिल्लीत न्यायमूर्ती बक्षिसी कोड्यांचा निकाल देत होते.

आम्ही एकदा डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचं काम पाहायला गेलो होतो, नाना धडधाकट असताना. 1948 मध्ये सु. मं. कत्रे यांनी सुरू केलेला तो प्रकल्प, सुमारे एक कोटी चिठ्ठ्या, धातूच्या कपाटांत ओळीनं लावलेल्या. पहिला भाग निघायला 1976 उजाडलं आणि कोश अजून ‘अ’ मध्येच आहे. नानांनी एका कपाटावर हात ठेवला आणि तिथल्या बाईंना अगदी गंभीरपणे विचारलं, “‘अडकित्ता’ पर्यंत कधी याल?” तो संस्कृत शब्द नाही, असं त्यांनी तितक्याच गंभीरपणे सांगितलं. येरवड्याहून परतताना नाना बसमध्ये स्वतःशीच हसत होते.

नाना गेले, मग माईही. वाडा पाडून इमारत झाली. दोन्ही चौकटी आता माझ्याकडे आहेत, शिवाय खालच्या मजल्यावर जिन्याशेजारी सोसायटीचा फळा आहे, त्यावर रोज सुविचार लिहायचं कामही ‘अक्षर बरं आहे’ म्हणून माझ्या गळ्यात पडलं. काही महिने मी मुकाट्यानं प्रयत्न, संयम आणि श्रद्धा लिहिलं. कुणी वाचत नव्हतं. दूधवाल्यानं तर एकदा त्याचा हिशोब सुविचाराच्या खालीच मांडला, आणि तो मात्र सगळ्यांनी थांबून वाचला.

मग एका सकाळी मी लिहिलं, ‘ज्याला _____ आवडते त्याला कंटाळा येत नाही’, आणि खडू तिथंच ठेवून वर आले.

संध्याकाळपर्यंत फळा भरला होता. ‘काम’ हे अपेक्षित उत्तर दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांचं, वळणदार, खाली तारीख घालून. ‘क्रिकेट’ कुणाचं ते उंचीवरूनच कळत होतं. ‘झोप’ वॉचमननं लिहिलं असं सगळे म्हणतात, त्याला मान्य नाही. ‘भांडण’ हे उत्तर व्याकरणानं, वृत्तीनं आणि पेठेच्या परंपरेनं इतकं चपखल होतं की मी मनातल्या मनात त्याला पहिला नंबर दिला. एकानं ‘चहा’ लिहिलं होतं; मग दुसऱ्या कुणीतरी ‘आवडते’चं ‘आवडतो’ केलं; मग तिसऱ्यानं, बाकीच्या उत्तरांची गैरसोय होते म्हणून, ते पुन्हा ‘आवडते’ केलं. खडू संपला.

आठवडाभर असं चाललं. नंतर फळ्याच्या चौकटीवर टंकलिखित चिठ्ठी लागली: ‘फळ्यावर सुविचार पूर्ण लिहावा. अपूर्ण सुविचारामुळे जिन्यात गर्दी होते. हुकुमावरून.’

दुसऱ्या दिवशी मी पेपर घ्यायला खाली उतरले तर चिठ्ठीतल्या ‘पूर्ण’ या शब्दावर कुणीतरी व्हाइटनर फासला होता आणि त्या पांढऱ्या चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: दोन अक्षरी.