पांढऱ्या कड्यांच्या वाटेवर

'सफर' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. आज मी तुम्हांला अशाच एका निवांत सफरीला नेणार आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन आणि ईस्टबोर्न ही दोन शहरे आहेत. त्यांच्यामधले अंतर सुमारे 35 किलोमीटर. बस ते दीड तासात कापते. आम्ही मात्र वाटेत उतरत, रमतगमत गेलो आणि आम्हांला अख्खा दिवस लागला.

मे महिन्याच्या सुट्टीत मी लंडनला मामेबहिणीकडे गेले होते. एके सकाळी आम्ही दोघी आगगाडीने ब्रायटनला पोहोचलो. तिथला रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा पाहून मी थबकलेच. ते घुमट, ते मिनार! जणू आपल्याच देशातली इमारत. पहिल्या महायुद्धात, 1914 ते 1916 या काळात, येथे जखमी हिंदी सैनिकांचे इस्पितळ होते. आतल्या सूचना उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत लिहिलेल्या असत. मुसलमान सैनिकांना नमाजासाठी पूर्वेकडची हिरवळ दिली होती. जे वाचले नाहीत, त्यांपैकी हिंदू व शीख सैनिकांचे दहन शहरामागच्या टेकडीवर झाले. तेथे आज एक पांढरी संगमरवरी छत्री उभी आहे. मुसलमान सैनिकांना वोकिंग गावच्या मशिदीपासून जवळच दफन केले गेले.

याच शहरात समुद्राकाठी पाटण्याच्या शेख दीन मुहंमद यांचे स्नानगृह होते. त्यांची चंपी इतकी नावाजलेली होती, की इंग्लंडच्या दोन राजांनी त्यांना आपल्या सेवेत नेमले. 'चांपो' या आपल्या शब्दावरूनच इंग्रजीतला 'शाम्पू' आला, हे तुम्हांला ठाऊक होते का?

मग आम्ही दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर बसलो. उजवीकडे समुद्र आणि डावीकडे हिरव्या टेकड्या. रॉटिंगडीन गाव आले. लेखक रुडयार्ड किपलिंग येथे 1897 ते 1902 पर्यंत राहत होते. त्यांचा जन्म मात्र आपल्या मुंबईतला, 1865 सालचा. पुढे पीसहेवन लागले. भूगोलात तुम्ही शिकता ते मूळ रेखावृत्त या गावातून जाते. आपली घड्याळे या रेषेवरच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असतात. बसने ती रेषा केव्हा ओलांडली, ते कळलेसुद्धा नाही!

सीफर्ड मागे पडले. नागमोडी वळणे घेणारी ककमियर नदी आणि कुरणांत चरणाऱ्या मेंढ्या दिसल्या. ईस्ट डीन गावात उतरून आम्ही पायीच बर्लिंग गॅपच्या किनाऱ्यावर गेलो. समोर पांढरेशुभ्र कडे उभे होते. त्यांना 'सात बहिणी' म्हणतात. हा दगड खडूसारखा मऊ असतो. सुमारे आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचे थर साचून तो तयार झाला. ज्या समुद्राने तो घडवला, तोच आता त्याला खात आहे.

बाकावर एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी काठीने दाखवले, "तिथे घरांची एक ओळ होती. मी लहान होते तेव्हा त्या घरांसमोर चांगले अंगण होते. आता काही घरेच उरली नाहीत." मग त्यांनी दूरच्या कड्यावरचे जुने दीपगृह दाखवले. कडा ढासळू लागला, म्हणून 1999 साली ती संपूर्ण इमारत 17 मीटर मागे सरकवण्यात आली. आजीबाई हसून म्हणाल्या, "समुद्र हटत नाही, मग आपणच थोडे सरकायचे."

ईस्टबोर्नला पोहोचेपर्यंत सूर्य कलला होता. परतीच्या गाडीत मी विचार करत होते. कोटी वर्षांचा दगड लाटांनी झिजतो. दीन मुहंमदांचे स्नानगृहही आज उरलेले नाही. पण त्यांनी तिथे रुजवलेला शब्द घरोघरी बोलला जातो. घरापासून हजारो मैल दूर निजलेल्या सैनिकांची आठवणही तिथे जपलेली आहे.

मुलांनो, पुढच्या वेळी एस.टी.त बसाल, तेव्हा खिडकीजवळची जागा धरा. वाटेतल्या गावांची नावे वाचा. शेजारी एखादे आजोबा असतील, तर त्यांना विचारा, "इथे पूर्वी काय होते?" गाव लहान असले, तरी त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते.