दोन नोंदवह्या

उपकेंद्रावरच्या आरोग्यसेविकेच्या हातून आयुष्यभर सर्वांत अधिक काय घडत असेल, तर ते लिहिणे. लस टोचायला क्षण पुरतो. तिची नोंद मात्र दोन-तीन ठिकाणी करावी लागते. पात्र जोडप्यांची वही, गरोदर मातांची वही, लसीकरणाची वही, जन्म-मृत्यूंची वही. १९८५ ते २०१८ अशी माझी तेहेतीस वर्षांची नोकरी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत झाली. त्या काळात किती वह्या भरल्या, याची गणती नाही. नोकरीच्या आरंभी या लिखापढीचा कंटाळा येई. पुढे उमगले, की खेड्यात आरोग्याची पहिली पायरी औषध ही नसून वहीतले नाव ही आहे. ज्याचे नाव वहीत आहे, त्याच्या वाट्याची लस येते, लोहाच्या गोळ्या येतात, तारीख चुकली तर कुणीतरी दारात येऊन विचारते. ज्याचे नाव नाही, त्याच्याकडे काही पोहोचत नाही. आणि ते पोहोचले नाही, हेही कुणाला कळत नाही.

घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा हा मुलूख आज संपन्न म्हणून ओळखला जातो. कालव्याचे पाणी, उसाचे मळे, साखर कारखाने, केडगाव-राहू भागातली गुऱ्हाळे, रांजणगावची औद्योगिक वसाहत, दौंडचे रेल्वे जंक्शन. या संपन्नतेच्या कडेला, गायरानावर, कालव्याच्या भरावाखाली, रुळांच्या पलीकडे फासेपारध्यांची पाले असतात. आदिवासी म्हटले की पुणे जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आंबेगाव-जुन्नरचा डोंगरपट्टा उभा राहतो. तिथे आदिवासी क्षेत्र आहे, घोडेगावला प्रकल्प कार्यालय आहे. पारधीही अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. पण ते सपाटीवर, बागायती गावांच्या शिवेवर राहतात. त्यामुळे आदिवासींच्या हिशेबात ते सहजी येत नाहीत आणि गावाच्या हिशेबात तर मुळीच नाहीत.

मात्र एके काळी त्यांची नोंद फार काटेकोरपणे होत असे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. अनेक जमातींबरोबर पारध्यांच्या कपाळीही जन्माने गुन्हेगार हा शिक्का बसला. माणसांची नावे नोंदवून घ्यायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी घ्यायची, परवानगीवाचून दुसऱ्या गावी जाऊ द्यायचे नाही. कित्येकांना तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवले गेले; सोलापुरात तो भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली रद्द केला, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. तथापि १९५९ साली सराईत गुन्हेगारांसाठीचा नवा कायदा राज्यात आला आणि संशयाची जुनी सवय नव्या कागदावर टिकून राहिली. गावात चोरी झाली की पहिली चौकशी पालावर, हा रिवाज मी माझ्या नोकरीच्या काळातही पाहिला. गंमत अशी, की डाळिंबाच्या बागेची, कांद्याच्या वखारीची राखण करायला हेच लोक शेतकऱ्यांना हवे असत.

ही पार्श्वभूमी ठाऊक असल्याखेरीज पालावरच्या एका म्हातारीचे बोलणे समजायचे नाही. पहिल्यांदा वही उघडून मी तिच्या सुनेचे नाव विचारले, तेव्हा ती मध्येच आडवी आली. म्हणाली, “नाव कशाला लिवता, बाई? नाव लिवलं की मागनं गाडी येती.” मी म्हटले, “आजी, ही पोलिसांची वही नाही, दवाखान्याची आहे.” त्यावर तिने वहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, “वही ती वहीच.” तिच्या आयुष्यात वहीत नाव गेल्याने कुणाचे भले झालेले तिने कधी पाहिलेच नव्हते. आम्ही आमच्या अहवालांत अशा वस्त्यांपुढे ‘लाभार्थी सहकार्य करीत नाहीत’ असे लिहीत असू. त्या असहकारामागे केवढा अनुभव उभा होता, याला अहवालात रकाना नव्हता.

१९९६च्या हिवाळ्यातली एक हकिकत सांगते. ऊसतोडीचा हंगाम होता. एका पालात एकोणीस-वीस वर्षांची मुलगी सातव्या महिन्यात होती. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक, पायांवर सूज, चार पावले चालली की धाप. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहाच्याही खाली होते. गरोदरपणी ते अकराच्या वर असावे लागते. सातच्या खाली गेले की जिवाला धोका असतो. अशा वेळी बाळंतपणातला एरवीचा, सहज सोसवणारा रक्तस्राव आईचा प्राण घेऊ शकतो. मी तिला आणि तिच्या सासूला समजावून मोठ्या दवाखान्यात पाठवले. नवरा बरोबर नव्हता. दोन दिवसांपूर्वी त्याला चौकशीसाठी नेले होते.

त्या दवाखान्यात त्या दोघी सकाळपासून दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून होत्या. कुणीतरी त्यांची जात ओळखली आणि मोठ्याने इतर रुग्णांना सांगितले, “आपापलं सामान सांभाळा.” नाव कुणी विचारले नाही. पोरगी उठली आणि सासूचा हात धरून चालू लागली. पाच आठवड्यांनी ती पालाच्या बाजूला आडोसा करून, त्यांच्या रीतीप्रमाणे वेगळी, बाळंत झाली. रक्त थांबेना. टेंपो मिळेपर्यंत वेळ गेला होता. मूल जगले. आईच्या मृत्यूची नोंद मी केली. पत्त्याच्या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न पडला; शेवटी गावाचे नाव आणि पुढे ‘गायरान’ एवढेच लिहिले. गरोदर मातांच्या वहीत जे नाव तिने येऊ दिले नव्हते, ते मृत्यूच्या वहीत प्रथम आले.

तिच्या अंगात रक्त का नव्हते, याचे उत्तर केवळ तिच्या पोटात शोधून मिळणार नाही. फास लावून तित्तर, लावे, ससे धरणे हा या जमातीचा पिढीजात व्यवसाय. तिचे नावच त्यावरून पडले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा ठरला. वन्य प्राण्यांसाठी तो कायदा आवश्यकच होता; परंतु ज्यांच्या ताटातून मांस गेले, त्यांच्या ताटात दुसरे काय पडणार, याचा विचार त्याबरोबर झाला नाही. मांसातले लोह शरीराला सहज मिळते. धान्यातले, पालेभाजीतले त्या मानाने कमी. त्याला लिंबू, आवळा यांची जोड मिळाली तर ते बरे शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातलेही बरेच वाया जाते. पालावरचे जेवण म्हणजे मागून आणलेली शिळी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि भूक मारण्यासाठी दिवसभर कोरा चहा. जमीन नाही, म्हणून भाजी नाही. शिधापत्रिका नाही, म्हणून स्वस्त धान्य नाही.

रक्तक्षय आपल्याही घरांत आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे चौपन्न टक्के स्त्रियांना तो आहे. फरक एवढाच, की आपल्या घरातल्या सुनेला चक्कर आली तर तिला कुठे न्यायचे, हे आपल्याला ठाऊक असते आणि तिथे आपल्याला बसायला खुर्ची मिळते.

शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८पासून तिथे अनेक वर्षे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वसती उजेडात आणली. त्या काळी दगावलेल्या लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड जोडून, घराच्याच जमिनीखाली पुरत असत. शेवटच्या काळात, सुबत्ता ओसरल्यावर, तिथली चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. त्या झोपड्या आणि आजच्या फासेपारध्यांच्या झोपड्या यांच्यातले साम्य अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. मला याचे नेहमी आश्चर्य वाटते. तीन हजार वर्षांपूर्वीचे घर कसे असेल, हे समजून घ्यायला ज्यांच्या झोपड्या उपयोगी पडल्या, त्यांची आजची झोपडी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत मात्र सापडत नाही.

घर वहीत नाही, म्हणून पुढचे कागदही अडतात. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. ज्या कुटुंबांना त्या काळी एका जागी राहूच दिले गेले नाही, त्यांनी वास्तव्याचा पुरावा कुठून आणावा? दाखला नाही तर आदिवासी विकासाच्या योजना नाहीत. त्यासाठी खेपा घालायच्या म्हटले, तर दौंडहून घोडेगाव शंभर किलोमीटरहून अधिक दूर. एका खेपेत रोजगार बुडतो आणि भाड्याचे पैसे जातात. आजार अंगाला होतो, पण त्याची मुळे अशी कचेरीच्या रांगेपर्यंत पसरलेली असतात.

हे चित्र पालटत नाही, असे मात्र नाही. माझ्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत एका वस्तीवर आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेली एक सून आली. तिला वाचता येत होते, दवाखान्याची भाषा कळत होती आणि पालावरच्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलता येत होते. ती तपासणीच्या दिवशी बायकांबरोबर येऊन बसू लागली. कुणी वेडेवाकडे बोलले तर शांतपणे, पण ठाम उत्तर देई. गोळ्या घेतल्यावर शौचाला काळे होते, त्यात भिण्यासारखे काही नाही, हे मी दहादा सांगून पटले नव्हते; तिने एकदा सांगितले आणि पटले. दूरच्या ऑस्ट्रेलियातही हाच अनुभव आहे. तिथल्या आदिवासींच्या कित्येक मुलांना सरकारने आईबापांपासून तोडून नेले होते. त्यामुळे सरकारी माणसाची, त्याच्या कागदाची धास्ती त्यांच्या मनात खोल बसली. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात त्या लोकांनी स्वतः चालवलेला पहिला दवाखाना उभा राहिला, आणि पुढे तसे अनेक दवाखाने निघाले. उपचार करणाऱ्यांत आपले माणूस दिसले, की पाय आपोआप दवाखान्याकडे वळतात.

माझ्या निवृत्तीपूर्वीच्या पावसाळ्यात त्याच वस्तीवर एका गरोदर बाईने मला थांबवून विचारले, “बाई, माझं नाव लिवलं का?” नोकरीतल्या कोणत्याही प्रशस्तिपत्राने झाला नसता एवढा आनंद त्या प्रश्नाने झाला. नाव लिहून घेण्याची भीती जाऊन नाव राहून जाण्याची काळजी तिला वाटू लागली होती.

या पाक्षिकाचे वाचक कुटुंबवत्सल आहेत. स्वतःच्या घराची काळजी घेताना थोडी दृष्टी शिवेपलीकडे गेली, तर पुष्कळ काम होते. आपल्या बागेची राखण करणारे, वीटभट्टीवर, गुऱ्हाळावर राबणारे, चौकात फुगे विकणारे कुटुंब दिसले, तर त्यात गरोदर बाई किंवा पाच वर्षांखालचे मूल आहे का, एवढे पाहावे आणि गावातल्या आशाताईला किंवा अंगणवाडीताईला कळवावे. सरकारी लसीकरण सर्व बालकांसाठी मोफत आहे. मूल कुठल्या गावचे, हा प्रश्न त्याच्या आड येऊ नये. माता-बाल संरक्षण कार्ड एकदा मिळाले की कुटुंब दुसऱ्या गावी गेले तरी पुढचा डोस चुकत नाही. ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायला सांगावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी आपल्या मजूर बाईला सुट्टी द्यावी, आणि रोज कापू नये. अडल्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पालासाठीही आहे. फोन करून नेमकी खूण सांगणारा माणूस तेवढा हवा. दवाखान्याच्या रांगेत अशी बाई शेजारी बसली, तर आपली पिशवी जवळ ओढून घेऊ नये. ही अगदी लहान गोष्ट आहे. पण तेवढ्यावरून माणसे उठून गेलेली मी पाहिली आहेत.

दरवर्षी ३१ ऑगस्टला विमुक्त दिन साजरा होतो, भाषणे होतात. माझ्या मनात येते, की त्या आठवड्यात प्रत्येक गावच्या आरोग्यसेविकेने आणि आशाताईने गावाबाहेरच्या पालांवर जावे. वही लगेच उघडू नये. थोडे बसावे, दिला तर चहा घ्यावा, लेकरांची चौकशी करावी. आणि समोरच्या बाईला तिचे नाव विचारण्याआधी आपले नाव, आपले गाव तिला सांगावे.