तिरकी तार

आमच्या रेडिओची तार तिरकी आहे, याला कुठलाही शास्त्राधार नाही. अंगणात उंच असे आंब्याचे एकच झाड आहे. एक टोक त्याला बांधून दुसरे खिडकीशी आणले, की तार आपोआप तिरकी होते!

यंदा दिवाळीपूर्वी अण्णांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करून आणला आणि एरियलसाठी ५० फूट तांब्याची तार घेतली. विजेच्या तारा घरामागे, म्हणून हिची वाट पुढच्या अंगणातून. वर आंब्याची दोरी अन् तार यांच्यामध्ये चिनी मातीचा इन्सुलेटर. दोरी जराशी सैल. नाहीतर वाऱ्यात फांदी हलली, की तार तुटायची. खिडकीशी खाली एक झोळ ठेवला, म्हणजे पावसाचे पाणी तिथेच ठिबकते, घरात येत नाही. "गडगडलं की काढून ठेव हो!" अण्णा ओटीवरून बजावत होते.

हे माझे जुने देणे होते. १९९३ साली मी बारा वर्षांचा. गणपतीच्या आराशीत पताका लावायला मी हीच तार सोडून घेतली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आत्या औसा तालुक्यात दिलेली. सकाळी बातमी कानावर येताच अण्णा रेडिओपाशी बसले. आमचे गाव दरीत. तारेवाचून नुसती खरखर. त्यांनी आंब्याकडे पाहिले, मग मखराकडे. वहाणा सरकवल्या आणि तीन मैलांवरच्या बाजारगावी बातम्या ऐकायला निघून गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. आत्या सुखरूप असल्याचे पत्र यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मला मार बसला असता, तर किती बरे झाले असते!

परवा रात्री रेडिओ लावला. मुद्दाम रात्री, दिवसा आकाशातला एक थर मध्यम लहरी गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो विरतो, आणि त्याच्याही वरच्या थरावरून दूरची केंद्रे परत फिरून येतात. पण ऐकू आली ती नुसती भुणभुण! शेवटी मुलीने दिवाळीच्या विजेच्या माळा बंद केल्या, अन् ती थांबली. (मॅट्रिकच्या पुस्तकात हे नव्हते.) अंधारात कुठूनशी सतार वाजू लागली. अण्णा कान देऊन बसले.

"आजोबा, आकाशकंदील या तारेला टांगू?" मुलीने विचारले.

"खबरदार, तारेला हात लावशील तर!" अण्णा कडाडले. बोलले तिला, पाहत होते मात्र माझ्याकडे.