रापा नुईची चिमूटभर माती

सांतियागोहून विमान सुटले की पाच तास खाली नुसता समुद्र. हिने दोनदा खिडकीतून वाकून पाहिले आणि दोन्ही वेळा ‘अजून पाणीच!’ असे जाहीर केले. चिलीच्या किनाऱ्यापासून ३,७०० किलोमीटरवर रापा नुई, म्हणजे जगाचे ईस्टर बेट, अखेर दिसले ते घडीच्या पोळीसारखे तिकोनी.

लोक येथे येतात ते मोआई पाहायला. रानो राराकूच्या उतारावर गळ्यापर्यंत मातीत रुतलेले ते दगडी पुतळे आम्हीही पाहिले. हिला त्यांतल्या एकात आमचे रुसलेले मामा दिसले. पण आम्ही आलो होतो मातीसाठी.

त्याचे असे झाले. हिने आपली एक किडनी धाकट्या भावाला दिली आहे. बहिणीची असली तरी शरीराला ती परकीच. ती सुखाने नांदावी म्हणून तो रोज एक गोळी घेतो. त्या औषधाचे मूळ या बेटाच्या मातीत आहे. निघताना म्हणाला, “ताई, माझ्या औषधाच्या गावची चिमूटभर माती आण.”

डिसेंबर १९६४ मध्ये कॅनडाहून डॉक्टर-शास्त्रज्ञांची मोहीम येथे जहाजाने आली. अनवाणी हिंडणाऱ्या बेटवासीयांना धनुर्वात कसा होत नाही, हे जॉर्ज नोग्राडी या जंतुशास्त्रज्ञाला शोधायचे होते. त्याने बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येकातली माती गोळा केली. धनुर्वात राहिला बाजूला! मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत, बनारसला शिकलेल्या सुरेंद्रनाथ सहगलांना त्या मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशी मारणारे द्रव्य मिळाले. बेटावरून त्याचे नाव पडले रापामायसिन.

पुढे ती प्रयोगशाळा बंद झाली, काम थांबले. सहगलांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपला. वर ‘खाऊ नका’ अशी चिठ्ठी होती म्हणे. (आमच्या घरी तिचा काडीइतका उपयोग झाला नसता.) १९९९ साली अमेरिकेत किडनी बदललेल्यांसाठी या औषधाला परवानगी मिळाली.

ते करते काय? पेशीत एक प्रथिन कारभाऱ्याचे काम करते. अन्नाची खबर आली की ‘वाढा’ असा निरोप धाडते. मायकेल हॉल आणि सहकाऱ्यांना ते १९९१ मध्ये बाझेलला, यीस्टमध्ये, सापडले. नाव ‘टॉर’, म्हणजे रापामायसिनचे लक्ष्य. औषध पेशीतल्याच एका छोट्या प्रथिनाला हाताशी धरते आणि दोघे मिळून कारभाऱ्याची वाट अडवतात. निरोप खुंटला की परक्या किडनीवर चालून जाणारी पांढऱ्या पेशींची फौज वाढत नाही. रोगजंतूंशी लढायलाही मग ती अपुरीच. म्हणून आमचा मेव्हणा लग्नकार्यात मास्क लावून पंगत चुकवतो.

रानो काऊ या ज्वालामुखीजवळ एक फलक आहे. जानेवारी १९६५ मध्ये येथून माती नेली, असे त्यावर लिहिले आहे. ब्राझीलच्या संशोधकांनी तो २००० साली लावला. माती गेली तेव्हा बेटवासीयांना चिलीच्या नागरिकत्वाचे पूर्ण हक्कसुद्धा नव्हते. ते मिळाले १९६६ साली.

“मग तुम्हांला काय मिळाले?” हिने वाटाड्याला विचारले.

“हा फलक,” तो म्हणाला, “आणि तोही पोर्तुगीजमध्ये. आमची भाषा नव्हे.”

हिने पर्समधून कुंकवाची रिकामी डबी काढली होती. ती तशीच मिटून परत ठेवली.

“भावाला काय सांगणार?” मी विचारले.

“सांगेन, कोणाला विचारावे ते कळले नाही.”