तीन तबकड्यांचं लग्न

चार खोल्यांचं बिऱ्हाड चाळीतल्या एका खोलीत हलवायचं झालं, की काय न्यायचं आणि काय भंगारात काढायचं यावरून घरात महाभारत होतं. डीव्हीडीची व्हीसीडी करणं हे असंच बिऱ्हाड हलवणं. फरक एवढाच, की इथे महाभारत संगणकाच्या पोटात होतं आणि आपल्याला फक्त निकाल कळतो.

वाचकहो, मी पडलो बँकेतला कारकून, तेव्हा आधी हिशोब. आपल्याकडच्या डीव्हीडीवर एका चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 ठिपके. 1993 साली ठरलेल्या व्हीसीडीच्या मापात 352 गुणिले 288, म्हणजे 1,01,376. दर चित्रामागे 3,13,344 ठिपके बुडीत खाती! आमच्या शाखेत दीड रुपयाचा फरक निघाला तर रात्री आठपर्यंत कुणी चपला घालत नाही.

हा उद्योग मी 2005 साली केला तो वाईच्या आत्यासाठी. आदल्या वर्षी तिच्या मुलीच्या लग्नाची शूटिंगवाल्याने ‘लेटेस्ट’ म्हणून डीव्हीडी दिली. आत्याकडे प्लेअर व्हीसीडीचा. डीव्हीडी घातली की तो ‘नो डिस्क’ म्हणून मोकळा. लग्नानंतर पाच महिन्यांनी तात्या, म्हणजे आत्याचे यजमान, गेले. त्यांचं हलतं चित्र काय ते एवढंच. “अरे, आत हे बसलेत आणि हा मेला म्हणतो, काहीच नाही!” असं आत्या फोनवर म्हणाली आणि मी कामाला लागलो.

या कामाला इंग्रजीत ‘रिपिंग’ म्हणतात, म्हणजे फाडणं. आपण पावती फाडतो तसंच. दोन्हीकडे स्थळप्रत जागेवर राहते. लग्नाच्या डीव्हीडीला कुलूप नव्हतं. विकतच्या सिनेमांना असायचं. ते 1999 साली नॉर्वेच्या योन योहान्सेन नावाच्या पंधरा वर्षांच्या पोराने दोन साथीदारांच्या मदतीने उघडलं. खटला झाला, पण 2003 साली तो निर्दोष सुटला. पंधराव्या वर्षी मला सायकलचं कुलूप उघडताना घाम फुटायचा.

एका सॉफ्टवेअरने डीव्हीडी फाडली, दुसरं रात्रभर दळत बसलं. तिसऱ्याचं नाव नीरो. त्याने तबकडी ‘जाळली’, नावाला जागून. एका व्हीसीडीवर 74 मिनिटं मावतात, म्हणून तीन तासांच्या लग्नाच्या तीन तबकड्या झाल्या. पहिली ‘शुभमंगल’पाशी संपली. ‘सावधान’ दुसरीवर गेलं. मधल्या वेळात नवरदेवाला पळून जायला भरपूर सवड होती.

पण खरी गंमत वरातीत. व्हीसीडीला चित्रासाठी सेकंदाला 1,150 किलोबिट मिळतात. पगारासारखे ठरलेले, काम वाढलं म्हणून ओव्हरटाइम नाही. पडद्यावर काही हललंच नाही तर तेवढ्यात ऐटीत भागतं. धावपळ झाली की ओढाताण होते आणि चित्राचे चौकोन पडतात. त्यामुळे बँडपुढे नाचणारे सगळे मामेभाऊ फरशीचे तुकडे नाचावेत तसे दिसत होते. नवरदेवाच्या मित्रांपैकी कोण कुठला, ते त्यांच्या आयांनाही सांगता आलं नसतं.

आणि मांडवाच्या कोपऱ्यात, खुर्चीवर, मांडीवर टोपी ठेवून तात्या बसले होते. नाचले नाहीत, बोलले नाहीत, कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही. लग्नात सगळे म्हणत होते, “तात्या, जरा हसा की!” ते हलले नाहीत आणि शाबूत राहिले. लाखभर ठिपक्यांत कपाळावरचं गंधसुद्धा दिसत होतं.

आत्याने ती तबकडी प्लेअर मोडेपर्यंत पाहिली. आता डीव्हीडी घालायला माझ्या लॅपटॉपला भोकही नाही, म्हणून लग्न मोबाइलमध्ये आलंय. उद्या आणखी कुठे हलवावं लागेल, देव जाणे.

म्हणून हल्ली कुणी कॅमेरा रोखला, की मी खुर्ची ओढून गप्प बसतो. बायको विचारते, “बरं नाही का?” मी म्हणतो, “बरा आहे. पुढच्या बिऱ्हाडात जागा धरतोय.”