सर्दी झालीय? मग आकाशातली उडी पुढे ढकला

परवा एक तरुण पेशंट फिटनेस सर्टिफिकेट मागायला आला. हौशी स्कायडायव्हर. नाक गच्च, कानाला दडे. म्हणाला, "डॉक्टर, नाही गेलो तर ग्रुपवर सगळे खेचतील."

तुम्हालाही ही भीती ओळखीची असेल. म्हणून कारण नीट समजून घ्या.

नाकाच्या मागून मध्यकर्णाकडे एक बारीक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब. आपण गिळतो तेव्हा ती उघडते आणि कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सर्दीत ती सुजून बंद पडते. विमान उतरताना दाब सावकाश वाढतो, तरी कान दुखतो. स्कायडायव्हर १३,००० फुटांवरून उडी मारतो आणि पहिले ८,००० फूट मिनिटाच्या आत खाली येतो. अशा वेळी पडद्यामागे रक्त साचू शकतं, पडदा फाटूही शकतो. चक्कर आली तर पॅराशूट सांभाळणार कोण?

स्कूबा डायव्हिंग केलं असेल, तरीही निदान २४ तास उडी नको.

सर्टिफिकेट मी दिलं नाही. त्याने तिथूनच मित्रांना कळवलं. लगेच उत्तर आलं: "बरं झालं! चहा करायला माणूस हवाच होता. कान बरा कर, मग ये."

विमानात चढण्यापूर्वी हेच मित्र थट्टा करत एकमेकांचे पट्टे, बकल तपासतात. त्यांच्यापासून सर्दी लपवू नका.